लोकसभेचा 'निरंक' दिवस

परवा सकाळी सातला भाच्यानं एक संदेश पुढे ढकलला. खाली त्याची एकच ओळ: "मावशी, तू तर सेंट्रलच्या ऑफिसात होती ना, सांग आता." दुपारी तोच संदेश कॉलनीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी तेलंगखेडीला फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि रात्री माहेरच्यांनीही पाठवला. नागपुरात तरी तो आता सगळ्यांच्या फोनमध्ये असावा. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी त्याचा ऐवज असा:

"जागे व्हा! काल लोकसभेत मोजून चाळीस खासदार होते. दिवसभरात एकही मोठा निर्णय नाही. सकाळी प्रश्नोत्तरांचं नाटक. मग मंत्री एकेक करून उठले, कागदांचे गठ्ठे टेबलावर ठेवले, बसले. एक विधेयक दहा मिनिटांत 'होय, होय' करून पास. आपल्या नागपूरच्या खासदारानं तर वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही, रेकॉर्ड बघा! मिनिटाला अडीच लाख, म्हणजे दिवसाला नऊ कोटी आपल्या खिशातून. वर कँटीनमध्ये फुकटासारखं जेवण. यांना बायोमेट्रिक लावा, गैरहजेरीचा पगार कापा. पटलं तर दहा जणांना पाठवा."

मी सिव्हिल लाइन्समधल्या एका केंद्रीय कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केली. दिल्लीला मी आयुष्यात दोनदा गेले, तेही भाचीच्या लग्नाला आणि वैष्णोदेवीला जाताना. संसद आतून पाहिलेली नाही. पण लोकसभेचा असा शांत दिवस दुसऱ्या टोकाला कसा दिसतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. त्यामुळे संदेशातला एकेक मुद्दा घेते. काही मुद्दे खरे आहेत, तेही सांगते.

"मोजून चाळीस खासदार"

फोटोत रिकामी बाकं दिसतात, हे मान्य. पण बाकं मोजण्याआधी एक हिशोब करा. लोकसभेचे सदस्य ५४३. नव्या इमारतीत लोकसभेच्या सभागृहाची आसनक्षमता ८८८. पुढे कधी सदस्यसंख्या वाढली तर जागा असावी म्हणून ती तशी ठेवली आहे. म्हणजे देशातला शेवटचा खासदारही येऊन बसला, तरी ३४५ जागा रिकाम्या. सप्टेंबर २०२३ पासून कामकाज तिथं चालतं. तेव्हापासूनचा कुठलाही फोटो घ्या, रिकामी बाकं मिळणारच. लग्नात चारशे पानं मांडली आणि अडीचशे पाहुणे आले, तर दीडशे रुसले असं आपण म्हणत नाही.

बरं, खरंच चाळीस असतील तर? घटनेच्या कलम १०० प्रमाणे सभागृह चालायला एक दशांश सदस्य हवेत, म्हणजे लोकसभेत ५५. तेवढे नसतील तर अध्यक्षांनी कामकाज थांबवायचं असतं. व्यवहारात मात्र कोणी सदस्यानं कोरम नसल्याकडे लक्ष वेधलं की मग घंटा वाजते आणि लोक लगबगीनं आत येतात. कोणी बोललंच नाही तर गाडी तशीच चालते. ही पळवाट मला आवडत नाही, संदेश लिहिणाऱ्यालाही आवडली नसती. पण त्याला ती माहीत नसावी, नाहीतर चाळीसच्या जोडीला त्यानं पंचावन्नही लिहिले असते.

बाकीचे कुठे असतात हे विचारायला हवं. काही खरंच नसतात. काही मंत्र्यांच्या दालनाबाहेर उभे असतात. आणि काही समितीच्या खोलीत असतात. तिथं कॅमेरा जात नाही, कारण समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. आमच्या साहेबांच्या साहेबांना एकदा अशा समितीपुढे बोलावलं होतं. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर कोणी मोठ्यानं हसलं नाही, एवढंच सांगते.

"प्रश्नोत्तरांचं नाटक"

इथं मी जरा बसणार आहे, कारण माझी निम्मी नोकरी या नाटकात गेली.

लोकसभेत सकाळी अकराचा पहिला तास प्रश्नांचा. एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, आणि वर उपप्रश्न येतात. त्याखेरीज २३० अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर छापायची पद्धत, अतारांकितांची पांढऱ्या. तासाभरात तोंडी उत्तरं होतात ती पाच-सहा प्रश्नांची. टीव्हीवर बघणाऱ्याला तेवढंच दिसतं, म्हणून त्याला वाटतं दिवसात पाच-सहा प्रश्न झाले. झालेले असतात अडीचशे, आणि त्या प्रत्येकाचं लेखी उत्तर त्या दिवशी सभागृहापुढे गेलेलं असतं.

आता यातला एक प्रश्न नागपुरात कसा उतरतो ते पाहा. खासदाराला निदान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. सूचना ढिगानं येतात, त्यातून सोडत निघते. निघालेला प्रश्न मंत्रालयात जातो, मंत्रालयातून आमच्यासारख्या कार्यालयात. आमच्याकडे त्याला 'पीक्यू' म्हणत, म्हणजे पार्लमेंट क्वेश्चन. पीक्यू आला की बाकीच्या फायली बाजूला. पूर्वी फॅक्स यायचा, नंतर मेल. वर मोठ्या अक्षरात 'तात्काळ', आणि वेळ बहुधा शुक्रवार संध्याकाळची. प्रश्नाची भाषा ठरलेली: असे आहे काय, असल्यास त्याचा राज्यनिहाय तपशील काय, आणि त्यावर सरकारने काय कारवाई केली. आपल्या विधानसभेतला प्रश्न वाचला असेल तर त्याचं शेपूट तुम्हाला माहीत असेल, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' त्याचीच ही दिल्लीची बहीण.

'राज्यनिहाय तपशील' हे दोन शब्द लिहायला खासदाराला दोन सेकंद लागतात. आम्हाला त्यासाठी देशभरातल्या कार्यालयांना फोन करावे लागत. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यांनीही 'निरंक' असं लेखी कळवायचं, गप्प बसायचं नाही. निरंक हा शब्द बाहेर कोणी वापरत नाही, पण सरकारी कचेरीत त्याला फार वजन आहे. त्याचा अर्थ: मी शोधलं, आणि नाही. आणि त्याखाली सही. उद्या निघालं, तर सही करणारा सापडला.

एका डिसेंबरची गोष्ट. इकडे नागपुरात राज्याच्या विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला, टेकडी रोडवर दुसरा, आकाशवाणी चौकापासून पुढे बॅरिकेड. ऑटोवाला म्हणाला, "बाई, पुढे नाही जमत, उतरा." पायी ऑफिसात पोचले तर टेबलावर पीक्यू. तारांकित. खिडकीबाहेर घोषणा चालू, आणि आत आम्ही चौघं जुनी रजिस्टरं काढून बसलो. प्रश्न असा होता की अमुक प्रकारच्या तपासण्या गेल्या तीन वर्षांत किती झाल्या. वाटलं, रजिस्टरातून आकडे उतरवू आणि सहाला घरी. रजिस्टर उघडलं तेव्हा कळलं की एका विभागाच्या तपासण्या दोन वर्षं झाल्याच नव्हत्या. कोणी लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. खोटं लिहिता येईना, कारण मंत्र्यानं सभागृहात चुकीचं उत्तर दिलं तर त्यालाच पुढे उभं राहून दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं, आणि मग वरून खाली जे येतं ते शेवटी कारकुनाच्या डोक्यावर थांबतं. रात्री साडेनऊला खरा आकडा गेला. पुढच्या पंधरा दिवसांत त्या विभागाच्या तपासण्या सुरू झाल्या.

त्या दिवशी लोकसभेत काय झालं? काही नाही. गोंधळात तास वाहून गेला, आमचा प्रश्न तोंडी आलाच नाही. उत्तर लेखी स्वरूपात सभागृहापुढे ठेवलं गेलं. संदेशाच्या हिशोबात तो दिवस वाया.

आणखी एक. उत्तरात पुष्कळदा एक वाक्य येतं: 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' ऐकणारा म्हणतो, टोलवलं. पण हे वाक्य उच्चारलं की त्याची नोंद 'आश्वासन' म्हणून होते. लोकसभेत १९५३ पासून एक आश्वासन समिती आहे, तिचं कामच मंत्र्यांनी दिलेले असे शब्द मोजणं आणि ते पाळले की नाही ते विचारणं. पाळायला तीन महिने. नाही जमलं तर मुदतवाढ मागायची, कारणासह. वर्षानुवर्षं लोंबकळणारी आश्वासनंही आहेत, नाकारत नाही. पण 'टोलवलं' आणि 'नोंदलं' यांत फरक आहे. आमच्या ऑफिसात 'हे वाक्य शक्यतो लिहू नका' अशी तोंडी सूचना होती, यावरून काय ते समजा.

आणि प्रश्न हे नाटकच असतं, तर डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून ११ खासदारांना संसदेतून काढावं लागलं नसतं. कुचकामी गोष्टीला कोणी पैसे मोजत नाही. लाज वाटावी असाच तो प्रकार, पण प्रश्नाची किंमत त्यातूनच कळते. चांगल्या बाजूनं कळायची असेल तर १९५७ कडे जा. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे घातले का, एवढा प्रश्न. रक्कम सव्वा कोटीच्या आसपास. खासदार फिरोज गांधींनी त्याचा पिच्छा पुरवला, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवात प्रश्नाच्या यादीतल्या एका ओळीनं झाली होती.

"नागपूरच्या खासदाराने एकही प्रश्न विचारला नाही"

हे वाचून मी हसले, आणि भाच्यावर जरा रागावलेही. पोट्टा एमपीएससीचा अभ्यास करतो.

नागपूरचे खासदार नितीन गडकरी २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाही. मंत्री उत्तर देतो. प्रश्नांच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे काही नसणं म्हणजे परीक्षकानं पेपर लिहिला नाही अशी तक्रार. हजेरीचंही तेच, मंत्री हजेरीच्या वहीत सही करत नाहीत, त्यामुळे तिथंही रकाना कोरा. त्यांचं काम तुम्हाला आवडो न आवडो, त्यासाठी रस्ते बघा, त्यांनी दिलेली उत्तरं वाचा, उत्तरात चूक सापडली तर ती पकडा. रिकाम्या रकान्यावरून काही सिद्ध होत नाही.

यातून एक खरा मुद्दा मात्र निघतो आणि तो संदेशात नाही. तुमचा खासदार मंत्री झाला की तुमच्या मतदारसंघाच्या वतीनं प्रश्न विचारणारा माणूस सभागृहात उरत नाही. नागपूर जिल्ह्यात लोकसभेचे दोन मतदारसंघ आहेत, नागपूर आणि रामटेक. शहरातल्या माणसानं आपल्या प्रश्नासाठी रामटेकच्या किंवा राज्यसभेच्या सदस्याला पत्र लिहायला काही हरकत नाही. मी निवृत्त झाल्यावर एकदा लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पण चार महिन्यांनी त्याच विषयावर एक अतारांकित प्रश्न दिसला. माझ्यामुळेच, असं म्हणायचं धाडस करत नाही.

"कागदांचे गठ्ठे ठेवले आणि बसले"

बाराच्या सुमाराला मंत्री एकेक करून उठतात आणि म्हणतात, मी अमुक कागद सभागृहाच्या पटलावर ठेवतो. बघायला याहून कंटाळवाणं काही नाही. माझ्या सासूबाई तेवढ्यात वरणाला फोडणी देऊन यायच्या.

त्या गठ्ठ्यांत काय असतं? सरकारी कंपन्यांचे आणि केंद्रीय संस्थांचे वार्षिक अहवाल, तपासलेले हिशेब. आपल्या गावातलं बघायचं तर मॉयल या सरकारी मँगनीज कंपनीचा अहवाल, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे हिशेब, मिहानमधल्या एम्सचा अहवाल, आयआयएमचा. वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत हे यायला हवेत. उशीर झाला तर उशीर का झाला याचं वेगळं निवेदन त्याच गठ्ठ्यात ठेवावं लागतं, आणि हे तपासायलाही एक समिती आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवालही याच मार्गानं येतात. दूरसंचार स्पेक्ट्रमचा तो गाजलेला अहवाल १६ नोव्हेंबर २०१० ला असाच पटलावर ठेवला होता. त्या दिवशीही मंत्री उठले, कागद ठेवला, बसले.

आणि नियम. कायदा संसद करते, पण फॉर्म कुठला, फी किती, परवाना कोणी द्यायचा, हे सगळं मंत्रालय कायद्याखालच्या नियमांत ठरवतं. आपल्याला रोज भेटतो तो नियम, कायदा नव्हे. हे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, आणि साधारणपणे अधिवेशनाचे ३० दिवस भरेपर्यंत दोन्ही सभागृहांना ते बदलायचा किंवा रद्द करायचा अधिकार असतो. तो अधिकार क्वचित वापरला जातो. खासदारांना धारेवर धरायचं तर इथं धरा: गठ्ठा ठेवला म्हणून नाही, गठ्ठा कोणी उघडला नाही म्हणून.

"एकही मोठा निर्णय नाही"

यावर फार बोलत नाही. आपण नागपूरकर विधिमंडळ बाहेरून पाहिलेली माणसं. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं, १९६० पासून ते भरतं, आणि डिसेंबरात आपल्याला दिसतात ते मोर्चे, लाल दिव्यांच्या गाड्यांच्या आठवणी, रविभवनाबाहेरची गर्दी आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यांवरच्या रांगा. अधिवेशन म्हणजे गजबज अशी सवय लागली. मग गजबज नसली की काम झालं नाही असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. गदारोळाच्या दिवशी आमच्याकडे काही यायचं नाही. शांत दिवसाच्या दुसऱ्या सकाळी फॅक्स भरलेला असायचा, कारण शांत दिवशी तातडीचे विषय मांडायचा शून्य प्रहर होतो, नियम ३७७ खाली मतदारसंघाचे विषय मांडले जातात, आणि कुठल्यातरी गावच्या बंद पडलेल्या रेल्वे थांब्यापासून कापसाच्या खरेदी केंद्रापर्यंत सगळं नोंदीवर येतं. (शून्य प्रहर हा शब्द लोकसभेच्या नियमावलीत नाही, दुपारी बाराला सुरू होतो म्हणून वर्तमानपत्रांनी ठेवलेलं नाव. झिरो माइलचा दगड असलेल्या नागपूरकरांना तो जवळचा वाटायला हवा.)

"दहा मिनिटांत 'होय, होय' करून पास"

इथं संदेश अर्धा बरोबर आहे, म्हणून नीट सोडवते.

आवाजी मतदान म्हणजे फसवणूक नव्हे. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असणाऱ्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असणाऱ्यांनी 'नाही'. आवाजावरून कौल देतात. तो कौल मान्य नसेल तर सदस्य मतविभागणी मागू शकतो, आणि मग एकेक मत नोंदलं जातं. अटलबिहारी वाजपेयींचं सरकार १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं ते अशा मोजणीत. घटनादुरुस्तीला तर आवाजी मतदान चालतच नाही, तिथं दोन तृतीयांश बहुमत मोजून दाखवावं लागतं. २०२३ मध्ये महिला आरक्षणाच्या वेळी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी नोंद झाली.

शिवाय फिरणाऱ्या चित्रफितीत बहुधा शेवटचा भाग असतो. चर्चा झाल्यावर विधेयक कलमवार मताला टाकतात, 'खंड २ ते १४ विधेयकाचा भाग व्हावेत', होय, होय, पुढे. तेवढी दहा मिनिटं कापून पाठवली की वाटतं सगळं विधेयक एवढ्यातच उरकलं. आणि विधेयक 'मांडलं' हा तर निव्वळ प्रवेश आहे. मांडलं म्हणजे पास झालं अशी समजूत मी ग्रुपवर आठवड्यातून एकदा खोडते.

आता उरलेला अर्धा भाग. घाई होते. २९ नोव्हेंबर २०२१ ला कृषी कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेशिवाय काही मिनिटांत मंजूर झालं. मार्च २०२३ मध्ये लोकसभेनं सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे देशाचा वर्षाचा खर्च, चर्चेशिवाय मंजूर केल्या. गोंधळ चालू होता, विरोधक अदानी प्रकरणावर अडून होते, सत्ताधारी राहुल गांधींच्या माफीवर. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, सतराव्यात १६ टक्के. सतराव्या लोकसभेच्या बैठका २७४, पाच वर्षं पूर्ण केलेल्या कुठल्याही लोकसभेपेक्षा कमी. पहिल्या लोकसभेच्या ६७७ होत्या. त्याच सतराव्या लोकसभेत पाच वर्षं उपाध्यक्षच निवडला नाही.

हे आकडे संदेशात असते तर मीही दहा जणांना पाठवला असता. पण बघा त्यांतून काय निघतं. तक्रार असायला हवी की असे साधे, कंटाळवाणे कामाचे दिवस कमी झाले. संदेशाची तक्रार आहे की असा एक दिवस झाला.

"मिनिटाला अडीच लाख, दिवसाला नऊ कोटी"

गुणाकार बरोबर आहे. अकरा ते एक आणि दोन ते सहा, सहा तास, ३६० मिनिटं, अडीच लाखांनी गुणा, नऊ कोटी. पण अडीच लाख हा आकडा २०१२ चा आहे, तेव्हाचे संसदीय कामकाज मंत्री पवनकुमार बन्सल यांनी सांगितलेला. इतक्या वर्षांत भेंडीचा भाव बदलला, हा नाही बदलला. आणि तो खर्चाला मिनिटांनी भागून काढलेला आकडा आहे, मीटर नव्हे. सभागृह बाराला तहकूब झालं म्हणून सुरक्षारक्षकाचा, लघुलेखकाचा, दुभाष्याचा त्या दिवसाचा पगार वाचत नाही. उलट सभागृह जास्त तास चाललं तर तोच खर्च जास्त मिनिटांत वाटला जाऊन मिनिट स्वस्त पडेल. म्हणजे पैसे वाया जातात म्हणून बैठका कमी करा, असा जो सूर या संदेशाखालच्या प्रतिक्रियांत लागला होता, तो त्याच गणितानं उलटतो.

कँटीनचं एका ओळीत: जेवणावरची सवलत जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. त्याआधीचं दरपत्रक अजून फिरतं.

"बायोमेट्रिक लावा, पगार कापा"

खासदारांचं मासिक वेतन १ एप्रिल २०२३ पासून १ लाख २४ हजार आहे. त्याखेरीज अधिवेशनात दिवसाचा भत्ता २,५०० रुपये, आणि हा भत्ता हजेरीच्या वहीत सही केल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे दिवस चुकला तर भत्ता कापला जाण्याची सोय आधीच आहे. साठ दिवस परवानगीशिवाय सगळ्या बैठका चुकवल्या तर कलम १०१ खाली जागा रिकामी झाल्याचं सभागृह जाहीर करू शकतं. रक्कम फार नाही, शिक्षा क्वचित होते, हे दोन्ही खरं.

पण सही केली आणि निघून गेले तर? ही भाच्याची शंका, आणि ती रास्त आहे. सहीनं माणूस आला एवढं कळतं, बसला का ते कळत नाही. मी त्याला आमच्या ऑफिसातली गोष्ट सांगितली. आमच्याकडे एक गृहस्थ होते. सकाळी साडेनऊला मस्टरवर सही, पावणेदहाला बाहेरच्या टपरीवर, मग थेट जेवणाच्या सुट्टीत दर्शन. वर्षानुवर्षं बोंब झाल्यावर दिल्लीहून अंगठ्याचं मशीन आलं. पहिल्या दिवशी सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी रुमालानं अंगठा पुसला, मशीनवर ठेवला, हिरवा दिवा लागला, आणि ते म्हणाले, "चला, आता सही पण नाही करा लागत." आणि टपरीवर गेले.